दुधाचा मान

"ऊठ. ही खुर्ची तुम्हा लोकांसाठी नाही ठेवलेली."

मी मान वर केली. उत्सव कमिटीच्या अध्यक्षांची बायको समोर उभी. हातात गजऱ्यांचं ताट. मी मागे वळून बघितलं, म्हटलं दुसऱ्या कुणाला बोलत असेल. माझ्यामागे मंडपाचा बांबू होता फक्त.

"तुलाच सांगतेय. मुंबईचे पाहुणे बसणार आहेत इथे. तुमच्या अंगाला म्हशींचा वास येतो. मागे चुलीपाशी जा, तुझी आई आहे तिथे."

आजूबाजूच्या बायका ऐकत होत्या. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने पदर नाकाला लावला. थोड्या वेळापूर्वी हीच बाई माझ्या साडीचा काठ हातात धरून म्हणाली होती, रंग छान आहे गो, कुठून घेतलीस? तेव्हा तिला वास आला नव्हता. सांगितल्यावर आला.

मी उठले. खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत मागे गेले. जाताना माझा पदर एकीच्या गुडघ्याला लागला तर तिने पाय आखडून घेतला.

आमची धनगरवाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. म्हशी, थोडी नाचणी, थोडी वरी. चैत्रात झरा इतका बारीक होतो की हंडा भरायला वाटीने पाणी घ्यावं लागतं. त्यातलं पाणी घेऊन मी आदल्या दिवशी केस धुतले होते. आईच्या शिव्या खाल्ल्या होत्या. अंगाला दोनदा साबण लावला होता. हे सगळं कुणासाठी, तर एका शाहीर बाईंसाठी.

शक्ती-तुऱ्याच्या त्या शाहीर. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांच्याशी माझं भांडण नाही. आमच्याकडे शक्ती-तुरा म्हणजे दोन पार्ट्या, एकमेकींना गाण्यातून सवाल टाकणाऱ्या, मध्ये ढोलकी आणि भोवती घुंगरं बांधून नाचणारी पोरं. बाई शाहीर त्यात फार नाहीत. ह्या होत्या. वाडीत रेंज नाही. वरच्या टेकाडावर एका जांभळीखाली उभं राहिलं की येते. म्हशी खाली चरायला सोडून मी भावाच्या जुन्या मोबाईलवर त्यांची गाणी उतरवून घ्यायची. त्यांची एक गवळण मला तोंडपाठ होती. त्यात कृष्ण वाट अडवतो, आणि गवळण लाजत नाही, मुरकत नाही. सरळ म्हणते:

बाजूला हो रे कान्हा,
दूध नाय तुझ्या बापाचं.

हे ऐकून मी पहिल्यांदा एकटीच मोठ्याने हसले होते. म्हशींनी माना वर करून बघितलं. असं कुणी बोलू शकतं, आणि तेही गाऊन, हे मला माहीत नव्हतं. त्या बाईंना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. समोरून. गाताना त्यांचं तोंड कसं होतं ते बघायचं होतं. एवढीच माझी हौस.

आणि त्या वर्षी खालच्या गावाने देवीच्या उत्सवाला त्यांनाच बोलावलं.

खालच्या गावच्या उत्सवाला आमच्या वाडीचं दूध जातं. आजोबांच्या आजोबांपासून जातं म्हणतात. खिरीचं दूध आमचं, चहाचं दूध आमचं. पैसे घ्यायचे नाहीत, कारण तो मान आहे. दुधाचा मान. वाडीतली म्हातारी माणसं हा शब्द उच्चारताना ताठ बसतात. ज्या घराची पाळी त्या घरातली बाई वाडीचं सगळं दूध गोळा करून खाली नेते. त्या वर्षी पाळी आमची. मला वाटलं, देवीच पावली.

दोनच दिवस आधी आमची म्हैस व्यायली होती. मी खरवस केला, वेलची घालून. स्टीलच्या डब्यात भरला. हा शाहीर बाईंना माझ्या हाताने द्यायचा, असं ठरवून.

सकाळी निघालो. आईच्या डोक्यावर एक कॅन, माझ्या डोक्यावर एक. आमची जुनी वाट तळीयेची दरड पडली त्याच पावसात ढासळली. तेव्हापासून डोंगर उतरायला जवळची एकच वाट, खालच्या गावाच्या शेतांच्या बांधांवरून. शेतं पायथ्याशी, गावठाण आणि देऊळ पुढे हायवेच्या अंगाला. कशेडी घाटात कुठला ट्रक बंद पडला होता कोण जाणे, रस्त्यावर गाड्यांची ही लांब रांग. मिनिडोर रिक्षावाल्याने आम्हाला घेतलं पण म्हणाला, "कॅन मांडीवर घ्या. सांडलं तर उतरवीन." आम्ही कॅन मांडीवर घेतले. मांडीला झाकणाची कड रुतत होती आणि मी मनात ती गवळण म्हणत होते. आई म्हणाली, "काय गो, येकटीच हसतेस?"

देवळाजवळ पोचलो तर मोठा मंडप. लाऊडस्पीकरच्या नियमामुळे कार्यक्रम दुपारीच ठेवलेला. आम्ही मागच्या बाजूने गेलो. नेहमी मागूनच जातात, आई म्हणाली. अध्यक्षांच्या बायकोने दूध उतरवून घेतलं. माझ्या आईपेक्षा ती पुष्कळ लहान. आई तिला "वैनी, तुमी" म्हणते. ती आईला "तू".

मी डबा पुढे केला. "शाहीर बाईंना द्यायचा होता. मी दिला तर..."

"दे इकडे. मी देते त्यांना."

डबा गेला. मग आईने भांड्यांना हात घातला आणि मी हळूच पुढे जाऊन बायकांच्या खुर्च्यांत बसले. बाकी वर लिहिलंच आहे.

चुलीपाशी आले तेव्हा आई कपबशा विसळत होती. माझं तोंड बघून तिला कळलं. तिने विचारलं नाही. नुसती सरकली आणि मला बसायला जागा केली. हे मला खुर्चीपेक्षा जास्त लागलं. तिला नवल वाटलं नाही, हे.

आम्हाला चहा दिला. आमच्याच दुधाचा. कागदी कपांची चळत समोर होती. पण चहा ओतला तो आमच्याच कॅनच्या झाकणात. दोघींना मिळून एक झाकण. आईने फुंकर घातली, अर्धा प्याली, माझ्यापुढे केलं.

"आये, ह्या झाकणात का गो?"

"घे ना. गरम हाय."

"कप हायत ना तितं."

"दरवर्षी असाच देतात. घे."

दरवर्षी. वाडीतली प्रत्येक बाई कधी ना कधी पाळीने इथे बसली होती. झाकणातून चहा प्याली होती. आणि वर येऊन म्हणाली होती, मान चांगला झाला. एकीनेही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? मीही बहुतेक सांगितलं नसतं. थकलेल्या माणसाला घरी येऊन पुन्हा तेच तोंडाने उगाळायचं जिवावर येतं.

ढोलकी वाजली. गण सुरू झाला. आमच्या आणि स्टेजच्या मध्ये निळं कापड. त्याच्या फटीतून मला दिसत होते नाचणाऱ्या पोरांचे पाय, घुंगरं, आणि शाहीर बाईंची पाठ. हिरवी साडी. पाठीवर घामाचा डाग. एवढंच. ज्यांच्यासाठी डोंगर उतरले त्यांची पाठ बघत मी कपबशा विसळत होते. आवाज मात्र तोच. छातीत घुसणारा.

कमिटीची माणसं मागे येऊन चहा पिऊन जात होती. एकाच्या हातात वाटी होती. वाटीत खरवस. वेलचीचा वास ओळखला मी. "मस्त झालाय," तो दुसऱ्याला म्हणाला. कुणी केला हे त्याला माहीत नव्हतं, मी समोरच बसले होते.

मग गवळण लागली. माझी.

गावच्या मुली गवळणी होऊन स्टेजवर आल्या. भाड्याच्या नऊवाऱ्या, कमरेला पट्टे, डोक्यावर प्लास्टिकचे रंगवलेले माठ. रिकामे. मंडपात शिट्ट्या. अध्यक्षांनी माईक घेऊन सांगितलं की आधी ह्या गवळणींचा सत्कार होईल. गजरे माळले. नारळ दिले. फोटो झाले. टाळ्या झाल्या.

मी हातातला कप खाली ठेवला. आई आणि मी. डोंगरावरून खरं दूध डोक्यावर घेऊन उतरलेल्या. वास आमच्या अंगाला. आणि गजरा प्लास्टिकच्या माठाला. हसूच आलं. ह्या लोकांना गवळण आवडते. गाण्यात असली तर. खुर्चीवर बसलेली चालत नाही.

शाहीर बाई माईकवरून म्हणाल्या, "घसा बसला होता, पण चहा झकास मिळाला. दूध कुठलं हो अध्यक्ष?"

मी फटीला डोळा लावला. वाडीचं नाव घेतील. एवढं तरी घेतील.

"आमच्या गावचंच!" अध्यक्ष म्हणाले. "काही कमी नाय आमच्या गावात."

टाळ्या. आणि ढोलकी. आणि बाई गायला लागल्या, बाजूला हो रे कान्हा, दूध नाय तुझ्या बापाचं. सगळा मंडप त्यांच्यासोबत म्हणत होता. अध्यक्षांची बायकोही म्हणत असेल.

त्याच वेळी तिची जाऊ मागे आली. "दुसरा कॅन ओत गो पातेल्यात. खिरीला."

मी झाकण घट्ट लावलं.

"ओत म्हटलं ना."

"नाय."

हा शब्द मी त्या गावात पहिल्यांदा उच्चारला. माझ्या आईने कधीच उच्चारला नव्हता. आवाज माझाच होता का, असं क्षणभर वाटलं. मी चुंबळ डोक्यावर ठेवली, कॅन उचलला. आई धडपडत उठली. "काय करतेस गो? खाली ठेव. देवीचा हाय तो."

"देवीने नाय मागितला, आये. चल."

मी मागच्या गल्लीकडे वळले नाही. निळं कापड बाजूला केलं आणि मंडपात शिरले. स्टेजच्या समोरून, खुर्च्यांच्या मधल्या वाटेने चालायला लागले. चपला कुठे राहिल्या माहीत नाही. खाली सतरंजी होती, ती पायांना मऊ लागत होती. आधी वाटलं लोकांना हा नाचातलाच भाग वाटतोय. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. मग अध्यक्षांची बायको उभी राहिली.

"मागून जा! ए, मागून जा!"

मी थांबले. तिच्याकडे बघून म्हणाले, "माझं दूध हाय. मी फुडून नेते."

शाहीर बाईंनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा त्यांचं तोंड मला दिसलं, समोरून. थकलेलं होतं. डोळ्यांखाली पावडर फुटली होती. एक ओळ त्यांनी उशिरा उचलली, मग पुढे गात राहिल्या. त्यांनी थांबावं असं मला वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, फार वाटलं होतं. त्या थांबल्या नाहीत. त्यांचाही धंदा आहे, त्यांचीही सुपारी त्याच अध्यक्षांकडून. गाणं त्यांचं होतं. करायचं मला होतं.

परतीला कुणी गाडीत घेतलं नाही. चालत गेलो. आई मागून येत होती, बडबडत होती, मग बडबडायची थांबली. उन्हाने दूध फाटलं. झऱ्यापाशी आईने कॅन माझ्या डोक्यावरून उतरवला, दगडावर रिकामा केला आणि तिथेच बसून रडली. मी तिला जवळ घेतलं नाही. माझ्यात तेवढा जीव उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी खालच्या गावाने बांधावरच्या वाटेवर करवंदीच्या काट्या टाकून ती बंद केली. वाडीने मला धारेवर धरलं. थोरले काका म्हणाले, "तुझ्या खुर्चीपायी वाडीची वाट बंद झाली." बरोबर होतं ते. आजारी माणूस आता डोंगराला वळसा घालून न्यावा लागतो. पावसात त्या बाजूने पाय टाकायला भीती वाटते. हे मी विसरत नाही. पण मी काकांना झाकणाची गोष्ट सांगितली, सगळ्यांसमोर. मग बायकांकडे वळून विचारलं, "तुमाला कशातून दिला चहा? सांगा." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एक म्हातारी म्हणाली, झाकणातून. मग दुसरी. मग काका उठून बाहेर गेले.

पुढच्या चैत्रात अध्यक्ष स्वतः डोंगर चढून आले. घामाघूम. काट्या काढतो म्हणाले. "मान असा सोडता येत नाय. देवीचा कोप होईल." काकांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत आई दारात आली. ती त्यांच्याशी कधी मान वर करून बोलली नव्हती. तेव्हाही केली नाही. जमिनीकडे बघत म्हणाली, "दूध नाय."

ते उतरून गेले. काट्या तशाच आहेत. मोकळ्या वाटेसाठी आता आम्ही तहसीलला अर्ज देऊन खेपा घालतोय, आणि तिथला कारकून अजून मान वर करून बघत नाही. घालू खेपा. वाट आम्हाला हक्काची पाहिजे, दुधाच्या बदल्यात नको. यंदाही उत्सवाचं बोलावणं आलं होतं. यंदाही दूध गेलं नाही. वाडीत आता जी सून येते तिला मी पहिल्याच उन्हाळ्यात सांगते, हा मान नव्हता. उद्या मी नसले तरी खाली हेच उत्तर जाईल.