खाच कोणीकडे होती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. घरात नाही, माहेरीही नाही. आताही लिहायला बसले तर आधी इकडचं तिकडचंच सुचतं आहे.

आमचं धाड गावात शेतपंपांचे स्टार्टर दुरुस्त करायचं दुकान आहे. मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, नवे भाग जोडून पाहायला सर्किटची एक पाटी लागायची. त्यांना पाहिजे तशी तयार मिळत नसे, म्हणून मी करून द्यायचे. मी चौथी शिकलेली, डायग्राम मला वाचता येत नाही. तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेल्या पाटीवर एकेक भाग ठेवायचा, पायांच्या खुणा करायच्या, मार्करनं रेघा ओढायच्या, मग पाटी तांबं खाणाऱ्या पाण्यात सोडायची. शाईखालच्या तांब्याच्या रेघा तेवढ्या उरतात, त्यांतूनच वीज फिरते. कागदावर काहीच नाही, सगळं माझ्या डोक्यात — आणि याचाच मी फायदा घेतला. पण ते पुढे.

भाग पाटीला सोल्डरिंगचे टाके मारायचं काम वंदना करायची, माझी नणंद. नवऱ्यानं टाकल्यावर ती आमच्याकडे आली होती. मजुरीला जायचं नाही, हाच धंदा शिकायचा, असं तिनं मनाशी धरलं होतं. हात चांगला होता तिचा. हे मी कधी तोंडानं बोलले का? नाही.

भाग पाटीच्या एका अंगाला बसतात, रेघा दुसऱ्या अंगाला असतात. म्हणून खुणा करताना भाग उताणा धरावा लागतो. त्या दिवशी आठ पायांची आयसी, म्हणजे काळी चिप, मी विसरून सुलटीच ठेवली. सगळं डाव्याचं उजवं झालं. कशी बसवायची ते कळावं म्हणून आयसीच्या एका टोकाला खाच असते. ती कोणीकडे करू, असं वंदनानं विचारलं. मी म्हटलं, वर. तिनं तशीच बसवली.

मालकांनी बटन दाबलं आणि धूर निघाला.

"वंदे, उलटी बसवली न तूनं?"

"नाही दादा, वहिनीनं सांगतली तशीच बसवली."

मालक माझ्याकडे वळले. "खाच कोनीकडं पाह्यजे होती व?"

मी पाटी पालथी करून रेघा पाहिल्या. चूक कळली — तेव्हाच कळली, नंतर नाही. आणि मी म्हटलं, "खाली. मी हिले खालीच सांगतलं होतं."

वंदनानं वाकून पाटीवरची खाच पुन्हा पाहिली. ताडून पाहायला डायग्राम असता तर? नव्हता. मी म्हणेन तेच खरं.

रेघा जळल्या असं सांगून ती पाटी मी पुन्हा त्या पाण्यात टाकली. एक रेघ उरू दिली नाही. नवी काढली, या वेळी आयसी उताणी धरून, आणि मी बोलले होते तशी खाच खाली. टाके मालकांनी स्वतः मारले. पाटी चालली.

"पाह्य वंदे," ते म्हणाले, "वहिनीची पाटी चुकते का कधी?"

त्यानंतर मालकांनी सोल्डरिंगची कांडी तिच्या हातात दिली नाही.

वंदना आता सोयाबीन निंदायला जाते. मागे एकदा शेजारीण मिक्सरची तुटलेली वायर तिच्याकडे घेऊन आली. वंदना म्हणाली, "मले नोको देऊ बाई. मी उलटंसुलटं करून ठेवतो. वहिनीले दे."

म्हणजे आता तिलाही ते खरं वाटतं. त्या दिवशी आपण काय ऐकलं, यावर तिचाच भरवसा राहिला नाही.

मी तिथंच बसले होते. मी वायर घेतली आणि जोडून दिली.