टीव्हीखालचा डबा आणि उभा गहू

आमच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीखाली एक काळा डबा आहे. तो कॉम्प्युटर आहे, पण घरात त्याला डबाच म्हणतात. माझ्या नवऱ्याने सुटे भाग आणून तो स्वतः जोडला होता, टीव्हीवर गेम खेळायला. राहुरीत आमच्या गल्लीत गेम खेळणारा पन्नाशीचा माणूस तो एकटाच असावा. त्याच्या शेजारी बसणारे त्याचे शहात्तर वर्षांचे वडील तर नक्कीच एकटे.

गेम शेतीचा होता. ट्रॅक्टर, पेरणी, खत, कापणी-मळणीचं यंत्र, सगळं त्यात. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. गुडघे गेल्यावर त्यांनी खरी जमीन वाट्याने दिली आणि टीव्हीवरची कसायला घेतली. रोज नवरा ऑफिसातून आला आणि चहा झाला की दोघे बसत. नवऱ्याच्या मांडीवर जुना पोळपाट असायचा, त्यावर माउस. आबांच्या हातात दोन दांड्यांचा रिमोट. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे.

"आरं, काल पाऊस झालाय. वाफसा न्हाई आन् कुळव काय घालतो?"

"आबा, ह्यात वाफसा नसतो."

"मंग ती कसली शेती! ह्यो गेम बनिवनाऱ्या सायबाला कळीव."

"कळवतो. तुम्ही ट्रॉली मागे घ्या आधी, बांधावर चढवली."

"बांध कुनी घातला हितं मधीच?"

जानेवारीत नवरा गेला. ऑफिसात, सकाळी अकराच्या सुमारास, खुर्चीतच.

त्यानंतरची कामं मी वहीत लिहून काढली आणि एकेक करत गेले. मृत्यूचे दाखले, बँक, पेन्शनचे कागद, गॅसजोडणी, स्कूटरची नावबदली. रोज सकाळी तारीख टाकायची, संध्याकाळपर्यंत झालेल्यावर रेघ मारायची. भेटायला आलेल्या बायका मला जवळ घेऊन रडायच्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून घड्याळ बघायचे. जेवणाच्या वेळेला जेवत होते. झोपही लागत होती.

दहाव्याला माणसं बसवायची म्हणून बैठक मोकळी केली होती. डबा आडवा करून मागच्या खोलीत कोठीवर ठेवला. तिथेच तो दोन महिने राहिला.

मार्चमध्ये आबा एकदा चहा संपल्यावर बंद टीव्हीसमोर बसले आणि मला हाक मारली.

"सूनबाई, डबा लावता ईल का?"

"येईल की. काय बघायचंय?"

"गहू उभा हाय. पार पिवळा झालाय. उद्या काढू म्हनला हुता."

उद्या म्हणजे कोणतं उद्या, ते मी विचारलं नाही. डबा आणून पुसला आणि वायरी जोडल्या. कोणती वायर कुठे, हे नवऱ्याने मला पूर्वी लिहून दिलं होतं. पासवर्ड माझ्या वहीत होता. टीव्हीवर गव्हाचं शेत आलं. आबा पुढे सरकले. मग डब्यातून कडकड आवाज यायला लागला आणि दहा मिनिटांत सगळं बंद पडलं. गार होऊ दिलं, पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, बाई." आणि काठी घेऊन आत गेले.

पुण्याला मुलीला फोन केला.

"आई, तो डबा चालत होता कारण मागे बाबा होते," ती म्हणाली. "रोज काहीतरी बिघडायचं आणि ते गुपचूप नीट करायचे. तुम्हाला कळायचंही नाही. तू टीव्हीला लावायचा तयार गेमचा कन्सोल घे. बटण दाबलं की सुरू. आबांना तेच जमेल."

मी वहीचं पान आखलं. एका बाजूला डबा, एका बाजूला कन्सोल. सुरू करणं: डब्याला कीबोर्ड, पासवर्ड, मध्येच अपडेट, कन्सोलला रिमोटचं एकच बटण. बसणं: डब्याला पोळपाट लागतो, कन्सोलला काही नाही. आवाज आणि जागा, दोन्हीत कन्सोल पुढे. वीज गेली तर दोघांची गत सारखीच. डब्याच्या बाजूने एवढंच होतं, की त्यावर गेम सवलतीत मिळतात, वीजबिल भरता येतं, फोटो राहतात आणि एखादा भाग गेला तर तेवढाच बदलता येतो. पण बदलणार कोण? पान भरलं तेव्हा कन्सोल सरळ पुढे होता. मी मागवून टाकला.

पांढरी, पातळ वस्तू आली. अर्ध्या तासात लागली. तोच गेम घेतला. आबांना मी बटण दाखवलं, त्यांनी दाबलं आणि खरंच लगेच सुरू झालं. हिरवी टेकडी, लाल छपराचं गोठाघर, एक लहान ट्रॅक्टर. आबांनी तो सगळ्या रानातून फिरवला. दर बांधाला थांबून बघत होते.

"हे कुनाचं रान?"

"तुमचंच, आबा. नवीन."

"गहू कुठाय?"

मी मुलीला फोन लावून स्पीकरवर टाकला. गहू कुठे गेला, ते विचारलं. "आई, ते जुनं शेत डब्यातच राहतं गं," ती म्हणाली. "कन्सोलवर येत नाही. मला वाटलं, आबांना नुसतं खेळायचंय."

"खेळायचं न्हाई मला," आबा म्हणाले. "पोरानं पेरल्यालं काढायचंय. पिकल्यालं उभं ठिवत्यात व्हय?" त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. "हे लई झ्याक हाय. पन आपलं न्हाई."

माझ्या पानावर ही ओळ नव्हती. मी वही उघडून ती लिहिली नाही. दुसऱ्या दिवशी डबा चादरीत गुंडाळला आणि एसटीने नगरला नेला.

दुरुस्तीवाला माझ्याच वयाचा होता. त्याने झाकण काढलं, बॅटरी मारली आणि हसायला लागला.

"वहिनी, लग्न लावलं काय ह्याचं? आत अक्षता हायेत."

मी वाकून बघितलं. आतल्या पंख्याच्या पात्यांत तांदळाचे दाणे अडकले होते, हळदीचे. काहींना कुंकू. आमच्याकडे खंडेनवमीला ट्रॅक्टर, पाण्याची मोटार, माझं शिलाई मशीन यांची पूजा होते. नवरा डब्याचीही करायचा. हळदकुंकू, झेंडू, वरून अक्षता. डब्याला वर जाळी आहे. चार वर्षांच्या अक्षता तिच्यातून आत पडून तळाशी बसल्या होत्या, आणि दहाव्याला मी डबा आडवा केल्यावर पंख्यात गेल्या.

"बाकी काय झालं न्हाई," तो म्हणाला. "पंखा फिरंना म्हणून तापून बंद पडायचा. माल एक नंबर वापरलाय. कुणी जोडला?"

"आमच्या ह्यांनी."

"मग त्यांना सांगा, औंदा फक्त फूल वाहा. अक्षता ट्रॅक्टरवर."

"सांगते," मी म्हटलं.

त्याने ब्रशने दाणे झाडले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. मी बघत होते. मग एसटीची वेळ विचारून घेतली.

त्याच दिवशी चहानंतर डबा लावला. आवाज नव्हता. गहू होता तसाच होता, कापणी-मळणीचं यंत्र बांधाला उभं, तोंड शेताकडे करून. आबांनी आजवर फक्त ट्रॉली चालवली होती, यंत्र नवऱ्याकडे असायचं. ते म्हणाले, "तू चालीव."

मला कुठलंच बटण माहीत नव्हतं. एकेक दाबून बघितलं. आधी दिवे लागले, मग भोंगा वाजला.

"भोंगा कशाला? वरात हाय का?"

"आबा, थांबा जरा."

"थांबलोय की. जानेवारीपासून थांबलोय."

यंत्राचा पुढचा भाग खाली आला आणि फिरायला लागला. मी वाकडं चालवत होते. मागे पट्टे राहत होते, आबा बोटाने दाखवत होते, मी वळून परत घेत होते. ट्रॉली भरायची वेळ आली की रिमोट त्यांच्याकडे जायचा. त्यांची ट्रॉली अगदी यंत्राला लागून उभी राहायची. दोन तास लागले. शेवटचा पट्टा निघाला, तेव्हा टीव्हीवर नुसती धसकटं उरली होती. सगळा गहू कोठारात गेला. आबांनी आकडा वाचायला सांगितला, मी वाचला. त्यांनी मान हलवली आणि मग बराच वेळ टॉवेल डोळ्यांना लावून बसले. मी वायरी नीट केल्या.

पांढरा कन्सोल मी मुलीकडे पाठवून दिला. कुणी विचारलं तर मी अजून सांगते, दोन्हीत कन्सोलच सोयीचा, घ्यायचा तर तोच घ्या.

परवा आबांना विचारलं, रान मोकळं आहे, पुढे काय पेरायचं. ते पेपर वाचत होते.

"माजं काम झालं," ते म्हणाले. "आता तुजं तू ठरव."

मी वहीत 'पेरणी' असं लिहिलं. पुढे अजून काही लिहिलेलं नाही.