कारखान्यातली हातांची बोली

नव्या चादरीची घडी मोडली की खळीचा आणि मशिनच्या तेलाचा वास येतो, आणि मला कामतघरचा तो लूमचा कारखाना आठवतो. टीबीच्या तपासणीसाठी आरोग्य केंद्राकडून मी कोरी यादी घेऊन तिथे गेले होते. दारात उभं राहून, खडखडाटावर आवाज चढवून मी विचारलं, "खोकला कोणाकोणाला आहे?" सगळे कारागीर मान खाली घालून धागे जोडत राहिले. शेजारी धाग्याच्या कांड्या भरणारी म्हातारी हसून माझ्या कानाशी आली. "बाय, अशी दवंडी पिटल्यावर कोन सांगंल? शेठ उद्याच घरी बसवंल." त्या आवाजात लांबून बोललेलं एरवी ऐकू येत नसे, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलत. तिने टोकाच्या लूमवरच्या एकाची नजर पकडली, छातीवर हात ठेवला, माझ्याकडे बोट केलं आणि मूठ ओठांवर घट्ट दाबली: छातीचं हिला सांग, ही तोंड बंद ठेवील. शिफ्ट सुटल्यावर मी बाहेर थांबले होते, तिथे चहाच्या टपरीमागे तो आला. "मॅडम, दो महिने से है. किसी को बोलना मत." यादीत पहिलं नाव चढलं, पुढे औषधं पुरी करून तो बरा झाला. त्या दिवशी मी निघताना म्हातारीने दोन बोटं कपाळाला लावली आणि माझ्या दिशेने तळहात उघडला. अर्थ पुढच्या खेपेला विचारू म्हटलं, तर ती कायमची गावी निघून गेली होती. आता मी मोबाइलवर कारागिरांच्या ग्रुपवर सूचना टाकते, सगळे अंगठा दाखवतात आणि तपासणीला कोणी फिरकत नाही. दरवर्षी राहिलेली कामं नव्या डायरीत उतरवताना एक ओळ मी तशीच पुढे नेते: म्हातारीला विचारणे.