हाक मारून झाल्यावर

निजामाच्या अमलात मी कळंबच्या शाळेत मास्तर होतो. बाजारच्या दिवशी चहाच्या हॉटेलात एक म्हातारा गोंधळी यायचा. गळ्यात कवड्यांची माळ, मांडीवर संबळ. बशी दोन्ही हातांनी धरून तो डोळे मिटून चहा प्यायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा हॉटेलमालकानं फोनोवर नवी तबकडी लावली. "मास्तर, ऐका, मुंबईचं जंगली गाणं!"

चाल गोंधळाची होती. पण गाणारी बाई लाडात उचक्या देत होती अन् मागं पुरुष 'हुर्र हुर्र' ओरडत होते.

म्हाताऱ्यानं बशी ठेवली. "जंगली? ही तुळजापूरच्या आईला बोलवायची चाल हाय."

"तुमच्यापेक्षा लई गोड वाटतीया," मालक म्हणाला. "लग्नात आता अशीच म्हणत जावा, बाबा."

"अरं, हाक मारली अन् गाणं संपलं!" म्हातारा वैतागला. "आता आई आली, तर बसवायचं कुठं? तांदळाचा चौक मांडला न्हाय, दिवटी पेटवली न्हाय, शेवटची आरतीबी न्हाय."

सगळे हसले. तो उठला आणि त्या गोंगाटातच हात जोडून त्यानं देवीची आरती म्हटली, शेवटच्या ओळीपर्यंत. कुणी ऐकलं नाही. मलाही ती येत होती. पण मी चहा पीत राहिलो.