तेवीस नंबरचा कागद

आमटीत मीठ कमी पडलं की बाकीच्या मुली आपसात कुजबुजायच्या, आणि ती ताट घेऊन सरळ स्वयंपाकघरात यायची आणि म्हणायची, "पटत नाही मला." ओरडायची नाही, तोंड वाकडं करायची नाही, नुसतं सांगायची. मीठ घातलं की "आता बरोबर" म्हणून तिथंच उभ्याउभ्या एक वाटी प्यायची. होस्टेलात प्रत्येक ताटावर नंबर कोरलेला होता आणि आम्ही कामवाल्या बाया मुलींना नंबरानंच ओळखायचो. ही तेवीस नंबर.

नवीन पनवेलला सिस्टरांचं कॉलेज होतं, मागं मुलींचं होस्टेल, तिथं मी पोळ्या लाटायला होते. माझं माहेर विचुंबं, शिक्षण चौथी. नवरा कामाला म्हणून सुरतेला गेला तो गेलाच, माहेरी भावजयीनं दोन महिन्यांत माझी चूल वेगळी केली, मग सिस्टरांनी स्वयंपाकघराच्या मागची खोली दिली म्हणून मी आणि माझी आठ महिन्यांची सोनी, आमच्या डोक्यावर छप्पर होतं. सोनीच्या छातीत सारखी घरघर. मला तेव्हा सगळ्याचीच भीती, सिस्टरांच्या चपला वाजल्या तरी हातातली पोळी वाकडी व्हायची.

मी सगळ्या मुलींना ताई म्हणायचे. तेवीस नंबरलाही म्हटलं, तर तिनं विचारलं, "वय काय तुझं?"

"एकोणीस."

"मी वीस. ताई काय म्हणतेस? पटत नाही मला."

"मंग काय म्हनू?"

"माधुरी म्हण."

पण माझ्या तोंडून ते कधी आलं नाही. मी मग काहीच न म्हणता बोलायला लागले, अहो नाही, ताई नाही, नुसतंच, "वाढू का?"

कॉलेजबद्दल मुली जेवताना काय काय बोलायच्या ते मला सगळं ऐकू यायचं. एक म्हणायची, हा तुरुंग आहे, साडेसहाला फाटक बंद. दुसरी म्हणायची, घरी तर मला साडेपाचलाच आत घेतात, मला इथंच बरं. कुणाला सकाळची प्रार्थना नको, कुणाला ती गाणी आवडायची. तेवीस नंबर दोघींचंही ऐकायची. तिची फी सिस्टरांनी अर्धी माफ केली होती, वडील पोलादपूरला शिंपीकाम करायचे. तरी ती सिस्टरांच्या तोंडावर म्हणायची, "सिस्टर, वाचनालय छान आहे, पण घरून आलेली पत्रं तुम्ही फोडून वाचता ते पटत नाही मला." बाकीच्या माना खाली घालून भात कालवत बसायच्या.

दिवाळीनंतर सिस्टर मुलींना एकेक कागद वाटायच्या. कॉलेजातलं जीवन तुम्हाला कसं वाटतं, मोकळेपणानं लिहा, नाव न घालता पेटीत टाका. आता नाव नसलं म्हणून काय झालं, सगळ्यांच्या वह्या सिस्टरच तपासणार, अक्षर बघितलं की कोण ते कळणार. म्हणून दरवर्षी सगळ्या मुली लिहायच्या, छान आहे. त्या वर्षी तेवीस नंबरनं खोल्याखोल्यांतून फिरून सगळ्यांच्या तक्रारी गोळा केल्या, सगळ्यांचा मिळून एकच कागद पेटीत टाकायचा, आणि कुणाचं नाव बाहेर येणार नाही असा शब्द दिला. पण लिहायचं कुणी? तिचं अक्षर तर पहिलं ओळखलं असतं.

ती दुपारी माझ्या खोलीत आली. "सुमन, तुला लिहिता येतं ना? तुझं अक्षर इथं कुणी बघितलंय?"

मी म्हटलं, "कुनी नाय."

खोटं बोलले नाही मी. चौथीनंतर विसरलेलं सगळं मोठ्या सिस्टरांनी मला रोज तीन वाजता शेजारी बसवून परत गिरवायला लावलं होतं, पण ते पाटीवर. पाटीवरचं फडक्यानं पुसलं की गेलं, कागदावरचं वेगळं, असंच मला वाटायचं. आणि मला आयुष्यात कुणी काही लिहून मागितलं नव्हतं. मी सोनीला मांडीवर आडवी टाकली आणि पेन घेतलं.

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. पत्रं फोडू नका. फाटक सातला बंद करा. परीक्षेच्या दिवसांत आंघोळीला गरम पाणी द्या. मग म्हणाली, "आता हेही लिही. इथं जेवायला बसताना कुणी जात विचारत नाही. ताप आला तर सिस्टर स्वतः उशाशी बसतात."

मी म्हटलं, "ह्ये तर चांगलं हाय, तक्रारीत कशाला?"

"खरं आहे म्हणून."

शेवटी तिनं विचारलं, "तुझं काही?" मी नको नको म्हणत खाली एक ओळ लिहिली. कामाच्या बायांचं मूल आजारी पडलं तर दवाखान्यात न्यायला सुट्टी मिळावी. तिनं वाचलं आणि कागदाची घडी घातली.

चौथ्या दिवशी मोठ्या सिस्टर तो कागद घेऊन स्वयंपाकघरात आल्या. त्या वसईच्या, मराठी आमच्यासारखंच बोलायच्या. म्हणाल्या, "सुमन, ही भिंतीला टेकल्यासारखी अक्षरं मी चार महिने सरळ करतेय. मला ओळखू येणार नाहीत?"

कामाच्या बाईनं मुलींच्या चिठ्ठ्याचपाट्या केल्या तर काम गेलं, हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला होता. काम गेलं की खोली गेली. सोनीला घेऊन मी कुठं जाणार, एवढंच डोक्यात.

"कुणी लिहायला लावलं?"

मी परातीतलं पीठ मळत राहिले. कुणीतरी वर जाऊन सांगितलं असावं, तेवीस नंबर ओल्या केसांनीच धावत आली. "सिस्टर, मी लावलं. तिला काय लिहितेय ते कळत पण नव्हतं. मी अक्षर सांगायचे, ती काढायची."

"शेवटची ओळ?"

"तीही माझीच."

सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खरं?"

आणि मी मान हलवली. मला एकेक शब्द कळत होता, ती ओळ माझी होती, मी पोटातून लिहिली होती, तरी मी मान हलवली.

सिस्टर म्हणाल्या, "मग सुमन राहील. पण होस्टेलचा नियम तू मोडलास, तू होस्टेलात राहणार नाहीस. कॉलेजला ये, परीक्षा दे." ती म्हणाली, "चालेल." पटत नाही, असं त्या दिवशी म्हणाली नाही.

ती ओवे गावाला लांबच्या मामाकडे राहायला गेली. तिथून हायवेपर्यंत चालत, मग मिळेल त्या गाडीनं, असं शेवटचं वर्ष पुरं केलं. इकडे पत्रं बंद पाकिटात मिळायला लागली, आणि आम्हा बायांना दवाखान्याची सुट्टीही मिळाली. सोनीची छाती त्या हिवाळ्यात सुधारली.

निकाल लागल्यावर ती कागदपत्रं न्यायला आली. पास झाली होती, पुण्याला पुढं शिकायला निघाली होती. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सोनीचा गाल ओढला आणि म्हणाली, "बघ, चालायला लागली की!" मला म्हणायचं होतं वेगळंच, पण मी तिची पिशवी उचलली. मी तिला फाटकापर्यंत पोचवलं.

परत येताना मी ठरवलं, निदान सिस्टरांना तरी सांगायचं, ती ओळ माझी होती. सरळ ऑफिसात गेले. सिस्टर लिहीत होत्या, चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "काय गं?"

मी म्हटलं, "सिस्टर, ग्यास संपत आलाय."

"बरं, सांगते," त्या म्हणाल्या.

सिलिंडर तर कालच बदललेला होता.