विहिरीवरचं कुलूप

लग्न होऊन मी डोंबिवलीत आले तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि घरात सोसायटीचं नाव देवाच्या खालोखाल निघायचं. जेमतेम दहा-बारा घरं आणि मध्ये एक विहीर. पण जमीन सोसायटीची, आपण नुसते सभासद, हे मला दुसऱ्याच दिवशी ऐकवण्यात आलं.

"नोंदणी झाली की सोसायटी ही कायद्यानं वेगळी व्यक्ती होते," मामंजी म्हणाले. "ती जमीन घेते, कोर्टात उभी राहते. सभासद येतात-जातात, ती राहते."

"चहा घेते का?" सासूबाईंनी विचारलं. मामंजींना विनोद झेपत नसे.

ही जमीन पूर्वी शेजारच्या आगरी आजींची. विकताना त्यांनी एकच अट घातली होती, या विहिरीचं पाणी आमच्या घराला कायम मिळू दे. तेव्हाच्या चेअरमननी चारचौघांत हो म्हटलं. भली माणसं सगळी. ते कागदावर घ्यावं हे एकालाही सुचलं नाही.

पुढे ते चेअरमन घर सोडून पुण्याला गेले. नव्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात विहिरीवर झाकण घालून कुलूप ठोकलं. आजी रिकामा हंडा घेऊन आमच्या दारात आल्या. गावची विहीर आटलेली, घरात सून बाळंतीण.

नवे चेअरमन म्हणाले, "शब्द त्यांचा होता, त्यांच्याबरोबर गेला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मामंजी मात्र "कागद नाही ना," म्हणत आमटी-भात कालवत बसले.

"मग खरेदीखतावर सही कुणाची होती?" मी वाढता वाढता विचारलं. "त्याच चेअरमनची ना? मग जमीनही पुण्याला गेली का?"

मामंजी हात धुवून खरेदीखत शोधायला उठले.

रविवारी सर्वसाधारण सभा भरली. मी सभासद नाही, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. चहाचा ट्रे घेऊन दारात मुद्दाम रेंगाळले. मामंजींनी माझाच प्रश्न असा काही विचारला, जणू तो त्यांनाच सुचला होता.

"सही सोसायटीतर्फे होती म्हणून जमीन राहिली," ते म्हणाले. "शब्दही सोसायटीतर्फेच दिला होता. कागद नाही म्हणता, तर आज ठराव करू."

हात वर झाले. चेअरमनचा सगळ्यांत शेवटी.

किल्ली मी स्वतः मागून घेतली आणि आजींच्या हातात ठेवली. "आजी, सोसायटीनं शब्द पाळला," मी सांगितलं.

"कंची गो ही बाय?"

"आहे एक. आम्ही सगळे गेलो तरी ती राहणार."

"मंग तिला सांग, माजे सुनांना पन वलखत जा."

आज मामंजी नाहीत, आजी नाहीत, ते दोघे चेअरमनही नाहीत. परवा दुपारी रहाट वाजला म्हणून खिडकीशी गेले. आजींची नातसून पाणी काढत होती. तिनं कुणालाही विचारलं नव्हतं.