साक्षीआधीचा चहा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेत होते, खिडकीसमोर पेन्शनवाल्यांची रांग लागलेली. "पोरी, तुझं मामा गेलं बग," एवढंच मामी म्हणाली आणि फोन न ठेवता रडत राहिली. तिचं रडणं ऐकत मी समोरच्या आजोबांच्या स्लिपवर शिक्का मारला. आजोबा काहीतरी विचारत होते, मी मान डोलावत होते... वर्षभराहून जास्त काळ पोटाच्या कॅन्सरशी झुंजणारा माणूस जाणार हे ठाऊक असतंच की. पण ठाऊक असण्याचा काडीचा उपयोग होत नाही, हे त्या दिवशी कळलं.

शांतवन मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. गारगोटीला शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि कोल्हापुरात येऊन राहिले. आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत ते 'वडील' होते. पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या जोडीनं चर्चचा कारभार आणि शिकवण सांभाळणाऱ्या माणसाला आमच्यात वडील म्हणतात. मामा ते काम फार मनावर घ्यायचे. रविवारी उपासना झाली की घरी मटणाच्या रश्श्याबरोबर त्या दिवशीचा उपदेशही ताटात पडायचा. पाळक काय बोलले, ते शास्त्रात कुठं आहे, त्याच्या मागच्या-पुढच्या ओळीत काय लिहिलंय, सगळं आम्हा भाचरांना विचारायचे. एक ओळ उचलून कुणीही काहीही सिद्ध करतो, म्हणायचे. मामी वैतागायची. निदान ताटावर तरी शास्त्र मिटा, म्हणायची. मामा शास्त्र मिटायचे आणि तोंडानं चालू ठेवायचे.

आमच्या उपासनेत साक्षीची वेळ असते. देवानं आपल्यासाठी काय केलं, ते कुणीही उभं राहून सगळ्यांना सांगतं. साक्ष द्यायची असेल त्यानं आधी मामांच्या कानावर घालायचं, असा मंडळीत रिवाज होता. मग मामा शनिवारी संध्याकाळी त्याच्या घरी जायचे, चहा प्यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे आणि सांगितलेलं खरं आहे का ते बघून यायचे. लोक त्यांना चेष्टेनं पोलीस पाटील म्हणायचे. एका आजीची हरवलेली म्हैस प्रार्थनेनं परत आली होती. पाळकांना ही साक्ष फारच किरकोळ वाटली. मामा म्हणाले, "म्हस परत आलीया. मी गोठ्यात जाऊन बघून आलोय. आजीला बोलू द्या." आजी बोलली, आम्ही पोरं बाकाखाली तोंड लपवून हसलो आणि मामांनी सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हटलं.

म्हणूनच पुढं जे झालं त्याचा मला अजून राग येतो. ज्या माणसानं म्हशीचासुद्धा चमत्कार मानला, त्याला लोक अविश्वासी म्हणाले.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे बाहेरगावचे एक प्रचारक चंगाईच्या सभा घ्यायला आले. आजार बरे करणारी प्रार्थना म्हणजे चंगाई. माणूस बोलायला गोड होता, गाणीही छान बसवायचा. तो शिकवायचा की शरीर नंतर बरं होतं, आधी तोंडानं 'मी बरा झालो' म्हणायचं आणि औषध घेणं म्हणजे देवावर शंका घेणं. आमचे पाळक स्वभावानं मऊ. पाव्हण्याला कसं अडवायचं, म्हणून गप्प बसले. आमच्या चर्चमध्ये रूथ नावाची मुलगी होती, नवरा उद्यमनगरात फौंड्रीत कामाला. तिला लहानपणापासून फिट यायची. सभेत प्रचारकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिनं गोळ्या बंद केल्या. पुढच्या रविवारी साक्ष ठरली. मामा शनिवारी नेहमीसारखे चहाला गेले. परत येऊन म्हणाले, पोरीला बरं वाटतंय, पण ती बरी झालेली नाही, आधी डॉक्टरांना दाखवू. पण रविवारी प्रचारकांनीच तिला पुढं बोलावलं. ती बोलली, टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मामा उभे राहिले.

"रूथ, तुझ्यासाठी मी बी रोज प्रार्थना करतोय. पण गोळी बंद करू नगंस पोरी."

एवढंच. आवाजही चढवला नव्हता. प्रचारक हसून म्हणाले की ज्याच्या मनात शंकेचा आत्मा आहे त्यानं मंडळीत वडील राहू नये. भांडण झालं नाही, ठराव झाला नाही. फक्त पुढच्या प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर खायच्या विधीला, वाटायचं भाकरीचं ताट नेहमीसारखं मामांच्या हातात दिलं नाही. शनिवारचा चहाही बंद झाला. आता साक्ष कुणीही, कशीही देत होतं. मामी पुढच्याच बाकावर बसत राहिली, मामा शेवटच्या बाकावर जाऊन बसले. दुसऱ्या चर्चला चला, असं मी कितीदा म्हटलं. आपलं घर गळतंय म्हणून शेजाऱ्याच्यात झोपायला जातीस व्हय, असं विचारून त्यांनी माझं तोंड बंद केलं.

मग एका सकाळी भाकरी थापताना रूथला फिट आली आणि तिचा हात तव्यावर पडला. मामा डबा घेऊन रोज दवाखान्यात जायचे. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. पण तिचा विश्वास कमी पडला म्हणून असं झालं, असं सभेची माणसं तिलाच सांगून गेली, तेव्हा मी मामांना पहिल्यांदाच चिडलेलं पाहिलं. "भाजली ती, आन गुन्हेगार बी तीच?" असं म्हणून ते दवाखान्याच्या पायरीवर बसूनच राहिले. रूथनं त्यानंतर चर्चला येणं सोडलं. गोळ्या मात्र सुरू केल्या नाहीत. आता घेतल्या तर देव कायमचा सोडून देईल, अशी भीती तिच्या मनात घालून तो गोड माणूस केव्हाच दुसऱ्या गावाला गेला होता.

त्यानंतर मामांनाच कॅन्सर निघाला. काही लोकांनी ही शिक्षा आहे, असं कुजबुजायलाही कमी केलं नाही. मामीचं अवसान गळालं. तिला तिचा नवरा हवा होता, बाकी कशाशी तिला घेणं नव्हतं. एका दुपारी माझ्यासमोर तिनं मामांचे पाय धरले. "अवो, येकदा म्हणा की चर्चमधी, मी बरा झालो म्हणून. तुमचं काय जातंय?"

मामांनी तिला उठवून जवळ बसवलं. बराच वेळ तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले...

"देवाला खोटं सांगून देवाकडंच काय मागू गं?"

मामी त्यांच्याशी कितीतरी दिवस धड बोलली नाही. तुम्ही बरं होण्यासाठी प्रार्थना तरी करता का, असं मी एकदा चिडूनच विचारलं. रोज मागतो, म्हणाले. आणि देव नाही म्हणाला तरी बाप बदलत नाही.

अंगात ताकद होती तोवर दुपारी ते रिक्षानं रूथच्या घरी जायचे. उपदेश नाही, शास्त्राच्या ओळी नाहीत. चहा प्यायचे, खिशातून आपली गोळी काढून तळहातावर ठेवायचे, डोळे मिटून देवाचे आभार मानायचे आणि गोळी गिळायचे. मग इकडचं तिकडचं बोलून परत. काही उपयोग होतोय का, असं मी विचारलं तर म्हणायचे, चहा चांगला करती पोरगी.

मामांना मातीत ठेवलं त्या दिवशी रूथ कब्रस्तानाच्या फाटकाशी उभी होती. आत आली नाही.

गेल्या रविवारी ती चर्चमध्ये आली. मामी आता मामांच्या जागेवर, शेवटच्या बाकावर बसते. मी तिच्या शेजारी होते. साक्षीची वेळ झाली तशी रूथ उठली आणि भाजलेला हात पदराखाली न झाकता पुढं जाऊन उभी राहिली.

"मी बरी न्हाय," ती म्हणाली. "मागं हितंच बरी हाय म्हणून सांगितलं हुतं, ते खरं न्हवतं. मला फिट येती. गोळी चालू केलीया. रोज देवाचं नाव घिऊन गिळती... देवानं मला सोडलेलं न्हाय. येवढंच."

साक्ष संपली की पाळक 'देवाची स्तुती असो' म्हणतात आणि सगळे आमेन म्हणतात. पाळकांनी मान खाली घातली होती. रूथ तशीच उभी. माझ्या शेजारी मामीनं बाकाची कड धरली, सावकाश उठून उभी राहिली आणि एकटीच म्हणाली, "आमेन."